अस्तर वाळेपर्यंत

दाजी,

ताई झोपली आहे. दुपारचं जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या कलंडली. तुमच्या लेकीनं, स्वातीनं तिच्या डोक्याखाली हळूच उशी सरकवली, तरी ती जागी झाली नाही. तुमच्या आजारपणात तिला अशी गाढ झोपलेली मी एकदाही बघितली नव्हती. तिचा एक कान सतत तुमच्या श्वासाकडं असायचा. ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज जरा बदलला की ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावायची. ती मशीन ज्यांची होती त्यांना परत दिली. आता घर इतकं शांत आहे, की रस्त्यावरचे ट्रक आपल्या ओसरीतूनच चालले आहेत असं वाटतं.

तुमचं तेरावं झालं. येणारे येऊन गेले. "लई वाईट झालं" असं जो तो म्हणाला, मी मान हलवली. पण तुमच्यापाशी काय लपवायचं? मला मोकळं वाटतंय. तुम्ही गेलात म्हणून नाही. तुमची तकलीफ संपली म्हणून, आणि ज्या रीतीनं तुम्ही गेलात त्या रीतीमुळं. त्यातली एक गोष्ट ताईलाही माहीत नाही. ती तुमच्या-माझ्यातच राहिली. ती एकदा नीट लिहून काढावी म्हणून बसलोय.

तुमची-माझी ओळखच रंगानं झाली. ताईचं लग्न, आणि तुम्ही हट्ट्याहून वऱ्हाड घेऊन आमच्या दारात आलेले. ज्या टेम्पोतून वऱ्हाड आलं तो तुम्ही स्वतः रंगवला होता, आणि कधी, तर त्याच दिवशी सकाळी. नवरदेव हळदीच्या अंगानं उठला आणि टेम्पोला निळा रंग मारून आला. आतल्या बाजूला टेकून बसलेल्या प्रत्येकाची पाठ निळी झाली. तुमच्या आत्याचं नवं लुगडं, तुमच्या काकाच्या धोतराचा सोगा, सगळं निळं. मी पाहुण्यांना उतरवून घ्यायला पुढं झालो, टेम्पोच्या फाळक्याला हात लावला आणि तोच हात माझ्या नव्या शर्टाला पुसला. तुम्ही मुंडावळ्या बाजूला करून माझ्याकडं बघितलं.

"पाहुणं, हात नका लावू. थोडं वलं हाये," म्हणालात.

बाबा आईला हळूच म्हणाले, "माणूस चांगला हाये, पर घाईचा दिसतो." ते बरोबर होतं. दोन्हीही.

पुढं तुम्ही कनेरगाव नाक्यावर शेड टाकली. हिंगोली-वाशीम रस्त्यावर गाड्यांना तोटा नव्हता, आणि मी शिक्षण अर्ध्यात सोडून घरी बसलेला. तुम्ही मला बोलावून घेतलं, घासायला पेपर दिला आणि एका ट्रॉलीसमोर उभं केलं. सगळं काम तुम्हीच शिकवलं. गंज कसा खरवडायचा, पुट्टी कशी ओढायची, रंगाची गन पत्र्यापासून किती लांब धरायची, हात कुठं थांबवायचा नाही. एका गोष्टीवर मात्र आपलं कधीच जमलं नाही. अस्तर मारल्यावर वरचा रंग कधी मारायचा?

तुमचं म्हणणं ठरलेलं होतं. "अस्तर मारलं, हात धुतले, चहा पिला, वाळलं. त्याच्यात काय बघत बसायचं?"

मी म्हणायचो, दाजी, वरून वाळलेलं दिसतं, आत ओलंच असतं. आतलं थिनर उडून जायला वेळ लागतो. त्याच्या आधी वरून रंगाचं झाकण घातलं, तर ते आतून फुगतं, नाहीतर वर्षभरानं रंग कांद्याच्या सालीसारखा सुटतो. नख लावून बघावं, वण उठला तर थांबावं. मग वॉटर पेपर मारून बघावा. पेपरला पिठासारखी भुकटी आली तर वाळलं. चिकट गोळे आले तर त्या दिवशी गनला हात लावू नये. रात्र जाऊ द्यावी.

"रात्र जाऊ द्यावी म्हणे. अरे, गाडीवाल्याला सकाळी भाडं हाये." एवढं बोलून तुम्ही कॉम्प्रेसर चालू करायचात.

तुम्ही माझं नावच "वाळवण" ठेवलं. गिऱ्हाईक आलं की मोठ्यानं म्हणायचात, "थांबा, आमच्या वाळवणाला इचारतो." मी चिडायचो. कबूल करायला पाहिजे, की दहातल्या आठ गाड्या तुमच्या घाईतही निघून जायच्या. आपल्याकडचं ऊन तुमच्या बाजूचं होतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारच्या पत्र्यावर अस्तर खरंच चहाच्या आत वाळायचं. दोन गाड्या मात्र फसायच्या, आणि त्या दोन्ही मला पुन्हा घासाव्या लागायच्या.

ती जीप आठवते का? तुमच्याच हट्ट्याच्या माणसाची. मुलाच्या लग्नात तिच्यावर नवरदेव बसवायचा होता. नुकत्या लागलेल्या मृगाची ओली हवा, तुम्ही अस्तरावर लगेच लाल रंग चढवला. सकाळी बघतो तर बॉनेटवर बारीक सुरकुत्या, तापलेल्या दुधावर साय धरते तशा. मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात मालक आला. तुमच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. तुम्ही बॉनेटवरून हात फिरवत म्हणालात, "हे बघा, तुमच्यासाठी स्पेशल केलं. असं दुसऱ्या कुणाच्या गाडीला न्हाई." मालक खूश होऊन गेला. काही वर्षांनी तोच माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. "मागच्या टायमाला जीपला केलं होतं ना, बराबर तसंच करा." आता ते करायचं कसं, ते आपल्या दोघांनाही येईना. तुम्ही जाणूनबुजून ओल्या अस्तरावर रंग मारून बघितला, तर नेमका त्या दिवशी तो आरशासारखा गुळगुळीत बसला. मालक नाराज झाला. तुम्ही मला म्हणालात, "बघ, म्या म्हणलं होतं ना, वाळतं."

तुम्ही मला हसवलं, दाजी. एवढी वर्षं एका शेडमध्ये काढली, त्यात भांडणाचे दिवस किती आणि हसण्याचे किती, हे आता मोजत नाही.

एका भांडणाचं मात्र हसू येत नाही. मास्कचं. तुम्ही तोंडाला नुसता रुमाल बांधायचात, तोही अर्ध्या वेळा गळ्यातच. "रंगाचा वास न्हाई आला, तर रंग मारल्यासारखं वाटतच न्हाई," हे तुमचं उत्तर. मी मास्क आणून खिळ्याला अडकवले, त्यावर धूळ बसली. तुमची छाती आखडत गेली ती त्यामुळंच का, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही, आणि मीही तुम्हाला शेवटपर्यंत ऐकवलं नाही. तुम्ही एकदा स्वतःच म्हणालात, "तुझ्या मास्कचं काय झालं रे?" मी म्हणलं, "हायेत." तुम्ही मान हलवली आणि दुसरीकडं बघितलं. तो वाद तिथंच मिटवला आपण.

डॉक्टरांनी शेडमध्ये जायला बंदी केल्यावर तुमची खुर्ची ओसरीवर आली. रस्त्याच्या अलीकडं घर, पलीकडं शेड. मधून ट्रक, एसट्या, ट्रॅक्टर. तुम्ही दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून शेडवर नजर ठेवायचात आणि फोन करायचात. आधी तासभर बोलणारे तुम्ही, आता एका दमात तीन शब्द. "दत्ता. गन तिरपी. धरून राहिला." रस्ता ओलांडून तुम्हाला ते कसं दिसायचं, मला कळत नाही. पण गन खरंच तिरपी असायची.

मग स्वातीच्या गाडीचं निघालं.

नाक्याच्या आजूबाजूच्या गावांतल्या मुली हिंगोलीला ज्या गाडीनं शाळेत जायच्या, ती गाडी बंद पडली. गाडीवाला पुण्याला निघून गेला. दोघी-तिघी घरीच बसल्या, बाकीच्यांचे बाप रोज मोटरसायकलवर सोडायला कंटाळले. स्वाती तर शाळेत असल्यापासून ट्रॅक्टर चालवते. ती एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, म्या गाडी चालवते. पोरींचे मायबाप तयार हायेत."

ताईचा घास हातात राहिला. मी तुमच्याकडं बघितलं. लेक लग्नाची, रस्ता हा असा, रोज हिंगोलीपर्यंत जाऊन-येऊन. मला वाटलं तुम्ही नाही म्हणणार. तुम्ही ऑक्सिजनची नळी नाकाशी नीट केली आणि विचारलं, "गाडी कुठं हाये?"

वाशीमला एक जुनी व्हॅन होती. तुमच्या घाईनं ती दुसऱ्याच दिवशी दारात आली. पांढरी, इंजिन ठणठणीत, दाराच्या खालच्या कडा मात्र गंजून पापडासारख्या झालेल्या. शाळेची गाडी म्हणजे पिवळी पाहिजे. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तू मार. म्या बघतो."

त्याच आठवड्यात तुमची तब्येत ढासळली. थंडी पडली आणि तुमचा श्वास वर वर यायला लागला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "घरीच ठेवा. ज्यांना भेटायचं त्यांना बोलावून घ्या." मी आत आलो तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणालात, "व्हॅनचं. किती राहिलं?"

राहिलं होतं बरंच. मी गंज खरवडला, दाराच्या कडांना नवा पत्रा जोडून घेतला, पुट्टी ओढली, घासली, आणि अस्तर मारलं. त्याच संध्याकाळी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, पण ऊनही नाही. सकाळी रस्त्यावर धुकं, शेडच्या पत्र्यावरून दवाचे थेंब टपटपायचे. अशा हवेत अस्तर कशाचं वाळतंय. मी नख लावलं, वण उठला. पेपर मारला, गोळे आले. दुसऱ्या दिवशी तेच.

तुम्ही ओसरीवरून त्या करड्या गाडीकडं बघत बसायचात. मला तुमच्याकडं बघवत नव्हतं. सगळ्या जन्मात तुम्ही थांबला नाहीत, आणि आता हातात दिवस उरले नसताना मी तुम्हाला करडी गाडी दाखवत होतो. तुम्ही ती पिवळी झालेली न बघताच जाणार, हे माझ्या मनानं घेतलं. काम करताना हात आखडायचे. रस्त्याकडं पाठ करून काम करायला लागलो.

एका पहाटे ताईचा फोन आला. तुमचे ओठ निळे पडले होते. मी धावत आलो. आम्ही तुम्हाला बसतं केलं, पाठ चोळली, मशीन वाढवली. उजाडल्यावर श्वास जरा बसला. ताई पदर तोंडाला लावून चुलीपाशी जाऊन बसली. मी तिथून उठलो तो सरळ शेडमध्ये गेलो. ठरवून टाकलं. वाळो न वाळो, आज रंग मारायचा. पुढं फुगला तर फुगू दे, मी जन्मभर घासत बसेन, पण दाजींना गाडी पिवळी दिसली पाहिजे.

पिवळा रंग डब्यात ओतला, थिनर घातलं, हार्डनर घातलं. हार्डनर पडलं की मागं फिरता येत नाही, रंग डब्यातच दगड होतो. मला तेच पाहिजे होतं, मन बदलायला जागाच राहू नये. कॉम्प्रेसर चालू केला. गन भरली. आणि खिशातला फोन वाजला.

स्वातीच्या फोनवरून तुम्ही.

"दत्ता. कॉम्प्रेसर काहून. चालू केला?"

"रंग मारून राहिलो, दाजी."

"वाळलं का?"

"वाळलं."

तुमचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालात, "नख लाव."

"लावलं."

"खोटं बोलू नको."

मला राग आला. तुमच्यावर की आभाळावर, माहीत नाही. म्हणलं, "जिंदगीभर तुमीच म्हणत आले ना, चहा पिऊस्तर वाळतं? मग आज काहून अडवता?"

"त्या लोकांच्या. गाड्या होत्या. ही लेकीची हाये. बंद कर."

मी गन धरून तसाच उभा. जे बोलायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं, ते माझ्या तोंडून गेलं. "दाजी, तुमाला बघायची न्हाई का?"

पलीकडून नुसती मशीनची घरघर. मग स्वातीचा आवाज आला, रडका पण ठाम. "मामा, बाबा म्हणून राहिले, कॉम्प्रेसर बंद झाल्याचा आवाज येस्तर फोन ठेवू नको."

मी बंद केला.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "कालवलेला रंग?"

"वाया जाईल आता."

"वाया काहून. दार मार."

मग मी तो रंग शेडच्या लोखंडी दाराला मारला. उरला तो बाकड्याला. त्यातूनही उरला तो पाण्याच्या टाकीच्या स्टँडला. दुपारी एक ट्रकवाला पंक्चरवाल्याची वाट बघत त्या बाकड्यावर जाऊन बसला आणि उठला तो मागून पिवळा होऊन. तो रस्ता ओलांडून धाब्याकडं चालला, ते तुम्ही ओसरीवरून बघितलं आणि इतकं हसलात, की खोकल्याची उबळ आली, ताई घाबरली, मला शिव्या बसल्या. पण त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही संध्याकाळी चार घास जास्त खाल्ले.

त्यानंतरची वाट बघणं मी आयुष्यात विसरणार नाही. मांडववाल्याकडून मी मोठे दिवे आणले, गाडीच्या दोन्ही बाजूंना लावले, पत्रा कोमट राहावा म्हणून. संध्याकाळी शेड लग्नघरासारखी उजळली. तुमचा फोन, "लग्न लावलं का गाडीचं?" मी तासभर तुमच्या उशाशी बसायचो, तुमची छाती खालीवर होताना बघायचो, मग रस्ता ओलांडून जायचो, दाराच्या आतल्या कडेला नख लावायचो, पुन्हा परत यायचो. ताई म्हणाली, "तुला झालं तरी काय?" काय सांगू तिला? दोन्हीकडं एकदमच लक्ष होतं माझं. एकीकडं लवकर व्हावं, दुसरीकडं होऊ नये.

आणि तुम्ही थांबलात. कसे, ते तुम्हाला माहीत. एका सकाळी धुकं फाटलं, चांगलं कडक ऊन पडलं. मी नख लावलं, वण नाही. पेपर मारला, हातावर कोरडं पीठ. मी ते तसंच बोटांवर घेऊन रस्ता ओलांडला आणि तुमच्यासमोर हात धरला. तुम्ही त्यातलं चिमूटभर बोटांत चोळून बघितलं. "जा," म्हणालात.

असा रंग माझ्या हातून आजपर्यंत बसला नव्हता. ओघळ नाही, दाणा नाही. तुम्ही बघत होतात म्हणून असेल. दुपार कलली तेव्हा गाडी पिवळी उभी होती आणि मधे एकही ट्रक नव्हता. तुम्ही खुर्चीतून हात वर केला. मीही केला. एवढंच.

वास पुरता उडाल्यावर आम्ही तुम्हाला पुढच्या सीटवर बसवलं. मी मागं, मांडीवर सिलेंडर धरून. स्वाती चालवत होती. जन्मभर गाडीवाल्यांना "दाब की" म्हणणारे तुम्ही, लेकीला म्हणालात, "सावकाश. घाई न्हाई." हिंगोलीच्या बाजूला थोडं गेल्यावर एका शेताजवळ थांबवायला लावलं. बाया हळद काढून राहिल्या होत्या. त्यातली एक स्वातीच्या वर्गातल्या मैत्रिणीची आई निघाली, तिनं हाक मारली, स्वाती बांधावर गेली. गाडीत आपण दोघंच.

तुम्ही समोर बघत म्हणालात, "तुला वाटलं. म्या लेकीसाठी थांबवलं."

"मग?"

"रंगाचं काय. फुगला असता. तर घासून. पुन्हा मारला असता तू." थांबलात. दम घेतलात. "पर तू रोज. ही गाडी बघितली असती. म्हणला असता. दाजी मरून राहिले होते. म्हणून घाईत मारला. गाडी बघितली की. म्या आठवलो असतो. नाकात नळीवाला."

मी सिलेंडरवरचा काटा बघत राहिलो.

"तसा न्हाई. आठवायचा मला," तुम्ही म्हणालात.

मला बोलायचं होतं. लग्नातल्या टेम्पोचं, पहिल्या दिवशी हातात दिलेल्या पेपरचं. घरी बसलेल्या एका पोराला तुम्ही कामाला लावलं, त्याचं घर उभं केलं, हे मी तुम्हाला कधीच तोंडानं सांगितलं नव्हतं. तेवढ्यात स्वाती ओंजळभर ओली हळद घेऊन आली, तुमच्या मांडीवर ठेवली, आणि राहून गेलं. आता सांगतो. तुमचे उपकार आहेत माझ्यावर, दाजी. तुम्ही असतात तर "गप रे वाळवण" म्हणाला असतात. म्हणूनच राहिलं असेल.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्यापेक्षा तुम्ही कितीतरी जास्त राहिलात. स्वातीची फेरी सुरू झालेली बघितली. सकाळी पोरी गाडीतून तुम्हाला हात करायच्या, तुम्ही ओसरीवरून घड्याळ दाखवायचात, उशीर झाला म्हणून. आणि मग त्या दुपारी ताकातली भाकरी दोन घास खाऊन तुम्ही आडवे झालात. ताई शेजारीच तांदूळ निवडत होती. ती म्हणते, एक श्वास आला, दुसऱ्याची तिनं वाट बघितली, तो आलाच नाही. धडपड नाही, उबळ नाही. ती ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. हाक मारली नाही तिनं. मी ट्रॉली घासत होतो, सहज वर बघितलं आणि मला कळलं. मधून ट्रक जात होते, मला रस्ता ओलांडता येईना, आणि ती पलीकडं शांत उभी होती. मी पोचलो तेव्हा तुमच्या चेहऱ्यावरची ताणलेली रेष गेली होती. कितीतरी महिन्यांनी तुम्ही पुन्हा तुमच्यासारखे दिसलात.

त्या ट्रॉलीला मी परवा अस्तर मारलं. हात धुतले. सवयीनं ओसरीकडं बघितलं, तुमचा फोन येईल म्हणून. खुर्ची कुणीतरी आत नेली आहे. तेव्हा मात्र मी शेडच्या मागं जाऊन बराच वेळ बसलो. आता मला कुणी घाई करणार नाही, आणि त्यानंच चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. काम करताना मी मास्क लावतो. रंगाचा वास येत नाही. तुमचं खरं होतं, रंग मारल्यासारखं वाटत नाही. पण लावतो.

स्वातीनं आज सकाळपासून फेरी पुन्हा सुरू केली. त्याआधी ती म्हणाली होती, "मामा, गाडी धूळ खाऊन राहिली, जरा बघता का?" म्हणून काल मी ती बाहेर काढून धुतली. फडक्यानं पुसली. दारावरून, खालच्या कडांवरून, बॉनेटवरून सगळीकडं तळहात फिरवला. मग चार पावलं मागं सरून उन्हात तिच्याकडं नीट बघितलं. मला भीती होती. पण नळी आठवली नाही, ती निळी पहाट आठवली नाही, मशीनचा आवाज आला नाही. मागच्या डाव्या चाकात हवा कमी होती, तेवढी दिसली. मी पाइप ओढला आणि हवा भरली.

तुमचा,
दत्ता